मुठीची ज्वारी, वर्गाची फी

आमच्या चर्चमध्ये दानपेटीच्या वर आता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलाय. पानटपरीवर असतो, अगदी तसाच. मोबाईल धरा, पैसे टाका, की डबीतून एक बाई बोलते, इतके रुपये प्राप्त झाले. एकदा प्रार्थना चालू असताना ती बाई बोलली आणि आमचे पाळकसाहेब डोळे मिटल्या मिटल्याच हसले. मी तेव्हापासून संतापलेली आहे, आणि हे लिहून संताप उतरावा असा माझा काही इरादा नाही.

त्या चौकोनाच्या बरोबर खाली पत्र्याचं पिंप असायचं. त्यात मूठ पडायची. बाई दळणासाठी ज्वारी सुपात घेते ना, तेव्हा निवडायला बसण्याआधी पहिली मूठ भरून वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. रविवारी पिशवीत घालून आणायची आणि पिंपात ओतायची. गाणं सुरू व्हायच्या आधी चर्चमध्ये तोच एक आवाज असायचा, पत्र्यावर ज्वारी पडल्याचा. पिंप भरलं की बायकाच ते मुरुडच्या आडतीवर नेऊन विकायच्या. त्यातून गीतपुस्तकं यायची, लेकरांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची चित्रं यायची, दृढीकरणाच्या वर्गाची पुस्तकं यायची. ज्याला पाहिजे त्यानं पुस्तक उचलायचं. मागच्या पानावर किंमत छापलेली असायची, पण ते पान कुणी उलटून बघत नव्हतं.

मुठीचा एकच कायदा. एकदा काढलेली मूठ परत घरच्या डब्यात जात नाही. माझ्या मायनं शेजारून उसनं पीठ आणलंय, जावेची बोलणी खाऊन आणलंय, पण मुठीच्या डब्याचं झाकण उघडलेलं मी कधी बघितलं नाही. लहानपणी मला वाटायचं त्या डब्यात काहीतरी जिवंत असेल.

आता माय. आमच्यात लेकराचा बाप्तिस्मा होतो तो आईबापाच्या शब्दावर. पुढं कळत्या वयात वर्ग करायचा, आणि मंडळीसमोर, म्हणजे अख्ख्या चर्चसमोर, उभं राहून स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, ते दृढीकरण. ते झालं की प्रभुभोजनाला जाता येतं. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, हात पसरायचे, भाकरीचा तुकडा हातावर येतो, मागून प्याला येतो. मायचं दृढीकरण झालंच नव्हतं. वर्ग असायचा हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात तिचे आईबाप टोळीत, कारखान्यावर, आणि ती त्यांच्यामागं मोळ्या बांधत. ऊस आणि देव एकाच हंगामात आले, आणि मुकादम उसाचा होता.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली तेव्हा सगळे धरून चालले की हिचं झालेलं असणार. तिनं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. मग तिनं चहा शोधून काढला. प्रभुभोजनाचं गाणं सुरू झालं की ही उठायची, मागच्या दारानं बाहेर जायची आणि चूल पेटवायची. उपासना सुटली की चहा तयार. इतकी वर्षं मंडळी तिचा चहा पीत आली. "बाईच्या हाताला चव हाय," म्हणत आली. ती आत का नसते, हे एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

मला कळलं ते गेल्या पावसाळ्यात. मी नांदेडला राहते, एका संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, वाटते, मोर्चाला माणसं गोळा करते. सुट्टीला घरी आले होते. माय गुडघ्याला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "औंदा वर्गाला नाव देनार हाय मी."

"कसल्या वर्गाला?"

"दृढीकरणाच्या." आणि मग चहाची सगळी गोष्ट, तेल चोळता चोळता, माझ्याकडं न बघता. "अजून वाकतेत गुडघे. एकदा टेकू दे मला तिथं. मग न्हाई वाकले तरी चालतंय."

तिला आयुष्यात काही मागताना मी पहिल्यांदा बघितलं. आणि तिनं मागितलं ते नेमकं त्या वर्षी, जेव्हा पाळक नवे आले होते.

नवे पाळकसाहेब शहरातून आलेले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, वाईट माणूस नाही. आल्या आल्या त्यांनी पिंप हलवलं. उंदीर होतात म्हणे. बायकांनी विचारलं, "मग मूठ कुठं टाकावी साहेब?" ते म्हणाले, "भावना समजतो तुमची. पण ज्वारी तुम्हीच विका, आणि रक्कम इथं स्कॅन करा." निम्म्या बायकांकडं मोबाईल नाही, ज्यांच्याकडं आहे त्यांचा नवऱ्याच्या खिशात असतो. बायका "हाव साहेब" म्हणाल्या आणि घरी गेल्या. मूठ काढणं काही थांबलं नाही. सुपात ज्वारी आली की हात आपोआप डब्याकडं जातो. पण डबा भरला तरी रिकामा कुठं करायचा? घरात परत घ्यायची नाही, देवाच्या घरात जागा नाही. आमच्या आळीत घरोघरी डब्याची पिशवी झाली, पिशवीचं पोतं झालं, आणि पोतं कोपऱ्यात उभं राहिलं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

दिवाळीनंतर, मी परत सुट्टीला घरी असताना, वर्ग जाहीर झाला. फी जाहीर झाली. वर्गाची वेगळी, पुस्तकांच्या संचाची वेगळी. गुळगुळीत कव्हरचं पुस्तक, रिकाम्या जागा भरायची वही, फाईल, पेन, शेवटी प्रमाणपत्र. सगळं मिळून एका बाईची अख्ख्या आठवड्याची निंदणीची मजुरी. पावती असेल त्यालाच बसता येईल.

माय मुठीचं पोतं घेऊन पाळकांच्या घरी गेली. मी मागं धरलं होतं. तिनं ते दारात ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाली, "सलाम साहेब. हे फीचं म्हणून घ्या. देवाचंच हाय."

साहेब पोत्याकडं बघत राहिले. "बाई, हे मी कुठं ठेवू?"

"विका की. आम्ही विकतच होताव."

"आता तशी पद्धत नाही. चर्चच्या लातूरच्या ऑफिसला हिशेब द्यावा लागतो."

मी तोंड उघडलं. उघडणारच होते. "साहेब, ही पुस्तकं आजवर ह्याच ज्वारीतून आली. ह्या बायकांनी घेतलेली पुस्तकं ह्याच बायकांना विकून राहिलाव तुम्ही?"

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते शांतपणे म्हणाले, आणि ह्या वाक्यानंतर काय येतं ते मला पाठ आहे. "फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. लोक नाव देतात, दोन वेळा येतात, मग गायब. फी भरली की येतात. आणि छपाई काय फुकट होते? लातूरचं ऑफिस दरवर्षी आमच्याकडून वर्गणी मागतं. माझाच पगार कधी वेळेवर होत नाही, ते कुणाला सांगू?"

मी खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. त्यांच्या घरात तेव्हा दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एक त्यांनी मायला दिली. पगाराचं ते खोटं बोलत नव्हते. छपाईला पैसा लागतो, मला कोण सांगणार, मी पत्रकवाली आहे. गीतपुस्तक विका, कॅलेंडर विका, ज्याला घ्यायचं तो घेईल, नाही त्यानं शेजारच्याच्या पुस्तकात बघून गावं. माझं त्यावर भांडण नाही. पण कठड्यापर्यंत जायचा जो एकच रस्ता आहे, त्यावर नाका बसवायचा? फुकटची किंमत राहत नाही म्हणे! ज्या बाईनं पोटाला चिमटा घेऊन आयुष्यभर मूठ काढली, तिला किंमत शिकवताय? आणि लातूरच्या ऑफिसनं तुमचा पगार अडवला तर लातूरला जाऊन भांडा की. मी येते सोबत, घोषणा मी देते. वरचा दाबतो म्हणून खालच्याला दाबायचं, हे तर गावातला प्रत्येक मुकादम करतो. त्याला पाळकाचा झगा कशाला लागतो?

हे सगळं मी तिथं बोलले. माय खाली मान घालून उठली. साहेब तिला म्हणाले, "तुमच्यासाठी मी निम्मी माफ करतो."

"माफ?" माय म्हणाली. "म्या काय केलंय माफ करायसारखं?"

पोतं परत आमच्या घरी आलं.

तुम्ही म्हणाल, मग तू भर की फी, कमावतेस ना. भरणारच होते. घरी आल्यावर पैसे तिच्या हातात ठेवले. तिनं घेतले, मोजले नाहीत, माझ्याच पिशवीत घातले. "माझी तू भरशील. तुझ्या काकूची कोन भरल? तिचं बी राहिलंय. वरल्या आळीतल्या दोघींचं बी राहिलंय. म्या एकटी जाऊन टेकू काय तिथं, त्या चहा करत बसतेल अन्?"

म्हणजे माझी माय एकटीच चहाच्या आडोशाला नव्हती. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

नांदेडला परत जाऊन मी पत्रक लिहिलं. मथळा जाड टाईपात: देवाच्या दारात तिकीट कशाला? माझ्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण बौद्ध घरातली, माझ्याच संघटनेत, जिभेनं माझ्याहून जहाल. तिनं वाचलं आणि म्हणाली, "चांगलंय. फक्त एक सांग, आपल्या शिबिराची फी कोन घेतो? तूच बसतीस ना टेबलावर पावती घेऊन?"

"ते वेगळं आहे."

"कामून वेगळं?"

"ज्याच्याकडं नसते तो भांडी घासतो आणि बसतो. कुणाला परत पाठवलंय का आपण?"

"मग हे लिही की त्यात. तिकीट-बिकीट काय? सिनेमाचं पत्रक असल्यासारखं वाटून राहिलं." मी ते त्यात घातलं. देणाऱ्यानं द्यावं, नसेल त्यानं भांडी घासावी, पण दार कुणाच्या पैशावर उघडू नये. ते एक वाक्य तिचं आहे असं समजा.

पत्रकं घेऊन मी गावी आले तेव्हा थंडी पडली होती. चर्चच्या फाटकाशी उभी राहून वाटली. लोकांनी घेतली, घडी घातली, खिशात टाकली. एक काका म्हणाले, "कागद भारी वापरलाय गं." बस्स. पाळकांनीही एक मागून घेतलं आणि शांतपणे वाचलं, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मायनं उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि मला घेऊन मोठ्या बाईंकडं गेली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शब्बाथ शाळेच्या जुन्या शिक्षिका. कधीकाळी गावोगावी फिरून बायकांना बायबल वाचून दाखवायच्या, आता घरीच असतात. ऐकू कमी येतं, त्यामुळं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात. मायनं त्यांच्यापुढं पोत्याचा प्रश्न मांडला. फीचा नाही, पोत्याचा.

"बाई, मूठ घरात धरून बसलाव आम्ही समद्याजणी. परत घ्यावी तर पाप. टाकावी तर पाप. काय करावं?"

मोठ्या बाईंनी विचार केला. "देवाची हाय नं?"

"हाव."

"मंग देवाच्या कामाला जो बसंल त्यानं खावी."

इतकंच. माझ्या पत्रकात चार परिच्छेद होते.

पुढच्या रविवारपासून, उपासना सुटल्यावर, मोठ्या बाईंच्या ओसरीवर वर्ग भरू लागला. प्रत्येक घरातून पोत्यातली ज्वारी दळून यायची. दोघी भाकऱ्या थापायच्या, बाकीच्या शिकायच्या, मग अदलाबदल. ठेचा, अंबाडीची भाजी, कधी नुसता कांदा. आधी मायसारख्या चौघी होत्या. मग त्यांच्या सुना आल्या, मग फीमुळं राहिलेली पोरं आली, मग नुसती भाकरीसाठी पोरं आली, त्यांनाही बसवलं. पुस्तक एकच, बाईंचं जुनं, पानं सुटलेलं. वर्ग म्हणाल तर सगळा गोंधळ. बाई दहा आज्ञा शिकवता शिकवता चौथीवर यायच्या आणि आपल्या तरुणपणी हिमायतनगरच्या रस्त्यावर बस कशी बंद पडली ते सांगायला लागायच्या. मग डुलकी. मग उठून, "हां, सहावी!"

"बाई, पाचवी राहिली."

"पाचवी आईबापाची. ती तुमाला येती. पुढं चला."

भाकऱ्या कशावर ठेवायच्या? माझ्या पत्रकांवर. कागद खरंच भारी होता, तेल पीत होता. मी जमेल त्या रविवारी नांदेडहून यायचे; एका दुपारी बघितलं, माझा जाड टाईपातला मथळा ठेच्यानं लाल झालेला, आणि काकू त्यावरची भाकरी उचलत मला म्हणाली, "लई कामाला आलं बघ तुझं लिवनं."

पाळकसाहेबांच्या वर्गात पाच खुर्च्या भरल्या होत्या, ओसरीवर बसायला जागा नव्हती. ते एकदा फाटकापर्यंत आले. मायनं भाकरी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "बाई, ह्या वर्गाला मान्यता नाही. मी सांगून ठेवतो." भाकरी तशीच हातात राहिली तिच्या. माणूस उपाशी दिसत होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. मला तर फक्त इस्त्री दिसली.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी लातूरहून मोठे साहेब आले, आसपासच्या सगळ्या गावांच्या मंडळ्या ज्यांच्या हाताखाली ते. दृढीकरण तेच देतात. मायनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. पावतीवाले पाच जण पुढं उभे राहिले. त्यांच्यामागं, कुणी न बोलावता, ओसरीवरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मोठ्या बाई काठी टेकत शेवटी.

मोठ्या साहेबांनी पाळकांकडं बघितलं. पाळक त्यांच्या कानात बोलले. मोठे साहेब हसले, चांगलं हसू होतं त्यांचं. "तुमची तळमळ पाहून आनंद झाला. पण मंडळीला शिस्त असते. ज्यांनी रीतसर वर्ग केला त्यांचं आज होईल. बाकीच्या भगिनींनी पुढच्या वर्षी नोंदणी करावी."

"इचारा तरी!" मोठ्या बाई ओरडल्या. "काय येतं, काय न्हाई, इचारून तर बघा!"

मोठ्या साहेबांनी बाईंचा मान राखायचा म्हणून मायलाच विचारलं, प्रभुभोजन म्हणजे काय? माय सगळ्यात पुढं होती. तिला ते उत्तर येत होतं, मी कितीतरी वेळा घोकताना ऐकलं होतं. ती अडखळली. ओठ हलले, शब्द येईनात. मागून चार जणी एकदम सांगायला लागल्या, प्रत्येकीचं वेगळं. पोरं हसली. साहेब म्हणाले, "बघा. म्हणूनच वर्ग लागतो. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! ज्या बाईचे गुडघे ह्या वर्षीचे आहेत, तिला. मी बाकावरून उठले होते. काय बोलणार होते ते मला आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. मायनं मागं वळून माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी खाली बसले. ह्याचाही राग आहे मला.

पाच जणांचं दृढीकरण झालं. मग प्रभुभोजनाचं गाणं लागलं. सवयीनं सगळ्यांच्या नजरा मागच्या दाराकडं गेल्या असतील, माझी तर गेलीच. माय उठली. पण मागच्या दाराला गेली नाही. ती पुढं गेली, कठड्याला धरलं, एक गुडघा टेकला, थांबली, दुसरा टेकला. तिच्या शेजारी मोठ्या बाई टेकल्या. काकू आणि वरल्या आळीतल्या दोघी मागं उभ्या राहिल्या, जागेची वाट बघत.

पाळकसाहेब ताट घेऊन एकेका हातावर तुकडा ठेवत आले. मायच्या हातापाशी थांबले. हात पसरलेले होते, भाकऱ्या थापून चटके बसलेले. त्यांनी मोठ्या साहेबांकडं बघितलं. साहेब पुस्तकात बघत होते. पाळकांनी तुकडा पुढच्या हातावर ठेवला, मोठ्या बाईंच्या.

मोठ्या बाईंनी तो तुकडा मोडला. नखाएवढा तुकडा, त्याचे दोन केले, आणि अर्धा मायच्या हातावर ठेवला. मग अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं, कारण त्यांना हळू बोलता येतच नाही, म्हणाल्या, "खा गं."

मायनं खाल्ला.

प्याला काही तिच्यापर्यंत आला नाही. काकूपर्यंत आणि त्या दोघींपर्यंत काहीच आलं नाही, मोठ्या बाईंच्या हातात मोडायला आणखी उरलं नव्हतं. हे झाकून गोष्ट गोड करायची माझी तयारी नाही. एका बाईच्या वाट्याला अर्धा तुकडा आला, तोही दुसरीनं आपल्यातला दिला म्हणून, आणि देणाऱ्या बाईच्या हातात मंडळीचा कसलाच अधिकार नव्हता.

उपासना संपली. मायचे गुडघे टेकले होते, आता उठेनात. आम्ही दोघीतिघींनी तिला काखेत धरून उभं केलं. बाहेर पुरुष मंडळी चुलीभोवती जमली होती, मोठे साहेब मधोमध. चूल गार. माझा बाप आत डोकावून म्हणाला, "आवं, चहा?"

"पत्ती फळीवर हाय," माय म्हणाली. "पेटवा."

बाप गेला पेटवायला. साहेबांची जीप चहा न घेताच निघाली.

परतताना माय माझ्या खांद्याला धरून चालत होती. मग म्हणाली, "तू हे लिवशील."

"लिहिणार."

"नाव नगं घालूस."

"तुझं?"

"कुनाचंच नगं. त्या पाळकाचं बी नगं. लेकरंबाळं हायत त्याला, पगार न्हाई."

"मग राग कुणावर काढू मी?"

ती थांबली. गुडघा चोळला. "फीवर काढ," म्हणाली. "अन् घरी गेल्यावर दळण काढून ठेव. रविवारी वर्ग हाय."